एका अर्थाचे चार शब्द

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं विद्यार्थ्यांचे निबंध वाचण्याचें काम आमच्याकडे आलें म्हणजे एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. सूर्य उगवावयाचा तर तो रम्य, सुंदर, मनोहर, मोहक व चित्ताकर्षक अशा पहाटेसच उगवतो. गुरुजनांविषयीं लिहावयाचें तर मनांत आदर, पूज्यभाव, भक्ति, श्रद्धा आणि निष्ठा हीं पांचहि एकदम दाटून येतात. नद्या दुथडी, तुडुंब, काठोकांठ व ओतप्रोत भरून वाहतात. आणि गोष्टींतला नायक परीक्षेंत नापास झाला तर खिन्न, विषण्ण, उदास, उद्विग्न व हताश होऊन घरीं परततो. इतकें ओझें घेऊन तो घरापर्यंत चालत पोंचतो हेंच नवल!

आमचे एक सहाध्यापक अशा राशी पाहून अगदीं चिडून जातात. ते शास्त्राचे शिक्षक आहेत. प्रयोगवहींत 'पाणी उकळलें' एवढेंच लिहावें, 'पाणी उकळलें, खळखळलें व उसळलें' असें लिहूं नये, हा त्यांचा नियम. आणि तोच नियम मराठीच्या वहीसहि लावावा, एका अर्थाला एकच शब्द खर्चावा, बाकीचे खोडावेत, असें त्यांचें म्हणणें आहे. प्रयोगवहीपुरतें तें आम्हांस मान्य आहे. परंतु मराठीच्या वहीविषयीं आमचें मत निराळें आहे, व तेंच येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावयाचें आहे. जवळजवळच्या अर्थाचे शब्द एकापुढें एक ठेवून बोलण्यास जोर आणणें ही आपल्या भाषेची फार जुनी व घरगुती चाल आहे. ती मोडण्याचें कारण नाहीं. मात्र रांगेंत आलेल्या प्रत्येक शब्दानें आपल्याबरोबर कांहीं तरी आणलें पाहिजे. रिकाम्या हातानें आलेल्या शब्दास परत पाठवावें.

प्रथम घरांतलें उदाहरण घेऊं. तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन बसलेली आई त्याला एका दमांत सोन्या, राजा, बाळा, छकुल्या अशा चार हांका मारते. मूल एकच, आईहि एकच. आमच्या सहाध्यापकांचा नियम लावावयाचा तर चारांपैकीं तीन हांकांवर लाल रेघ ओढावी लागेल. ती ओढण्यास त्यांचाहि हात धजणार नाहीं. एका शब्दांत तिचें मन मावलें नाहीं म्हणून तें दुसऱ्या शब्दाकडे धांवलें, तेथेंहि मावलें नाहीं म्हणून तिसऱ्याकडे गेलें, हें ऐकणाऱ्यास उघड दिसतें. रागाचेंहि तसेंच आहे. शेजारणीच्या बकरीनें परसांतली मेथी खाल्ली असतां त्या बकरीस उद्देशून जे शब्द निघतात ते आम्हांस या अंकांत छापतां येणार नाहींत, परंतु ते संख्येनें एकाहून पुष्कळ अधिक असतात एवढें खास.

मोठ्या माणसांच्या रोजच्या बोलण्यांत हीच चाल आटोपशीर होऊन दोन शब्दांवर आली आहे. केरकचरा, दगडधोंडे, पालापाचोळा, कपडालत्ता, भांडींकुंडीं, सगेसोयरे, थट्टामस्करी, दयामाया. व्याकरणाच्या तासाला आपण यांतील पुष्कळ शब्दांस समाहार द्वंद्व म्हणतों, कारण दोन शब्दांच्या पोटांत त्या जातीच्या इतर वस्तूंचाहि समावेश होतो. 'भांडींकुंडीं घासून ठेव' असें आईनें म्हटलें म्हणजे पळी, झारा, उलथनें यांतील कांहींच सुटत नाहीं. 'उलथनें तूं सांगितलें नव्हतेंस' ही सबब चालत नाहीं. वरवर पाहतां येथें एका अर्थाचे दोन शब्द आहेत. पण जरा थांबून पाहिलें तर कित्येक जोड्यांत दुसरा शब्द पहिल्याची नुसती सावली नाहीं. पाला झाडावरचा, हिरवा. पाचोळा वाळून खालीं पडलेला. सगे रक्ताच्या नात्याचे, सोयरे लग्नसंबंधानें जोडलेले. दगड मुठींत मावतो, धोंडा बहुधा मावत नाहीं. उलटपक्षीं 'शेजारीपाजारी' यांतला पाजारी कोण व 'उरलासुरला' यांतला सुरला कोण हें विचारूं नये. ते केवळ सोबतीला आलेले आहेत, आणि सोबत करणें हेंहि एक कामच आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या मोठ्या कोशांत, ज्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली, अशा जोडशब्दांना मानानें जागा दिलेली आहे. परक्या देशांतून आलेल्या त्या कोशकारांस ज्याचें मोल वाटलें तें आपण गांवठी म्हणून खोडावें हें आम्हांस रुचत नाहीं.

कांहीं जोड्यांत तर आपला इतिहासच बांधलेला आहे. दक्षिणेंत १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें व पुढें अनेक पिढ्या सरकारी दफ्तरांत फारशी शब्दांचा भरणा होत गेला. रयतेच्या तोंडीं एक शब्द, कचेरींत दुसरा. ज्याचें काम दोहोंकडे पडे तो दोन्ही शब्द जोडून बोलूं लागला असावा. धन आपल्याकडचें, दौलत तिकडची, झाली धनदौलत. हाट आपला, बाजार त्यांचा, झाला बाजारहाट. रीतिरिवाज, मानमरातब, कागदपत्र हे सारे त्याच घरचे. पुढें शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला व दरबारांतील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु लोकांच्या जिभेनें 'कागदपत्र' सोडलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या तासालाहि असाच प्रकार भेटेल. इंग्लंडांत १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं राज्य जिंकल्यावर वरच्या वर्गाची फ्रेंच व खालच्या लोकांची इंग्रजी अशा दोन भाषा शेजारीं नांदूं लागल्या. कायद्याचे कागद मुळांत लॅटिनमध्यें असत. इंग्रज वकिलाच्या दस्तऐवजांत मृत्युपत्राला अजूनहि 'विल अँड टेस्टमेंट' असें दोन नांवांनीं हांक मारतात तें याच काळाचें देणें होय.

दस्तऐवजांचा विषय निघालाच आहे तर आम्ही जरा येथें रेंगाळणार आहों. कारण शब्दांची रास कशी रचावी हें ज्यास शिकावयाचें असेल त्याला आम्ही काव्याकडे पाठविण्यापूर्वीं जुन्या इनामपत्रांकडे पाठवूं. मराठेशाहींत एखाद्यास गांव अगर जमीन इनाम दिली म्हणजे सनदेंत कांहीं शब्दांची एक माळ ठरलेली असे: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप. प्रथम वाचतांना वाटतें, लिहिणाऱ्यास पानें भरावयाचीं होतीं काय? 'जमीन दिली' म्हटल्यावर तिच्यावरचें सारें आलेंच कीं! परंतु एकेक शब्द हातांत घेऊन पाहावा. तरु सांगितल्यावर काष्ठ कशाला? तर उभें झाड निराळें व वादळानें आडवें पडलेलें लांकूड निराळें. उभ्या झाडाच्या फळांवर तुमचा हक्क असेल, परंतु पडलेल्या लांकडाचें सरपण नेण्यास गांवांतला दुसरा कोणी गाडी घेऊन येईल आणि म्हणेल, 'सनदेंत झाड लिहिलें आहे, हें झाड आहे काय?' तृण लिहिलें नाहीं तर गवत कापणारा येईल. पाषाण लिहिला नाहीं तर घर बांधणारा येईल. निधि म्हणजे पुरलेलें धन, निक्षेप म्हणजे ठेव. नांगराच्या फाळाला हंडा लागला तर तो कोणाचा, हा तंटा या दोन शब्दांनीं आधींच मिटविलेला आहे. याच सनदांत 'हल्लीं पट्टी व पेस्तर पट्टी' असेंहि लिहीत. हल्लीं म्हणजे आज चालू असलेली, पेस्तर म्हणजे पुढें बसेल ती. आजचा कर लिहून कारकून थांबला नाहीं. उद्यांचा अधिकारी उद्यां नवा कर बसवील हेंहि त्यानें ओळखलें. दक्षिणेंतील जुन्या दानपत्रांतून 'अष्टभोग' म्हणून आठ हक्कांची अशीच माळ येते.

हे शब्द जवळजवळचे आहेत, एकामागून एक ऐकतांना कानांत घुमतात, त्यांच्या घुमण्यानें देणाऱ्याच्या वचनाला वजन येतें. आणि तरीहि त्यांतला एकहि शब्द फुकट आलेला नाहीं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रत्येक शब्दागणिक एक भांडण उभें होतें व त्या भांडणाचें दार त्यानें एका शब्दानें लावून घेतलें. ज्यांच्या घरीं शेतीचें खरेदीखत असेल त्या विद्यार्थ्यांनीं तें वडिलांच्या परवानगीनें एकवार वाचून पाहावें. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांची ओळ आजच्या खरेदीखतांतहि पुष्कळदां भेटते. निबंधाच्या पुस्तकापेक्षां त्या ओळींत शिकण्यासारखें अधिक आहे.

आतां शास्त्रकार काय म्हणतात तें थोडक्यांत पाहूं. संस्कृत साहित्यशास्त्रांत सांगितलेलाच अर्थ पुन्हां सांगणें यास पुनरुक्त असें नांव असून तो दोषांत गणला आहे. येथपर्यंत आमच्या सहाध्यापकांचा जय झाला असें समजावें. परंतु तेच शास्त्रकार पुढें सांगतात कीं, बोलणारा विषादांत, विस्मयांत, क्रोधांत अगर दैन्यांत असेल तर शब्दाची पुनरुक्ति दोष राहत नाहीं. ज्याच्या मनाला धक्का बसला आहे तो एकदां बोलून थांबत नाहीं हें त्यांनीं माणसांत पाहिलें होतें. शिवाय मम्मटादि आचार्यांनीं 'पुनरुक्तवदाभास' नांवाचा एक अलंकारहि मानला आहे. ऐकतांना दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, आणि अर्थ लावूं गेलें म्हणजे निराळे निघतात. अलंकाराचें हें लांबलचक नांव परीक्षेपुरतें पाठ करून विसरण्याजोगें नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें उत्तम शब्दराशीचें सारें मर्म त्या एका नांवांत आहे. जमिनीच्या सनदेंतले शब्दहि, काव्य नसून, त्याच जातीचे आहेत.

काव्यांतलें एकच उदाहरण घेतों, कारण तें आमच्या सारख्या शाळेस विशेष आठवावें असें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ सालीं गोव्यांत आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्याच्या आरंभींच्या भागांत मराठी भाषेची थोरवी गाइली आहे ती प्रसिद्धच आहे. सांगावयाचें एवढेंच कीं सर्व भाषांत मराठी श्रेष्ठ. त्यासाठीं कवि दृष्टांतामागून दृष्टांत मांडीत जातो: खड्यांतलें रत्न, फुलांतलें एक फूल, सुगंधांतला एक सुगंध, मग पक्षी, मग वृक्ष, मग आकाशांतल्या ज्योति. अर्थ तोच, जोर वाढतच जातो. परंतु या राशींत कंटाळा येत नाहीं याचें कारण पाहावें. रत्न डोळ्यांनीं पाहावयाचें, सुगंध नाकानें घ्यावयाचा. मोर हालतो, नाचतो, वृक्ष सावली देतो. दर वेळीं कवि ऐकणाऱ्याचें एक नवें इंद्रिय जागें करतो. त्यानें 'श्रेष्ठ, उत्तम, थोर, महान्' असे चार शब्द लिहिले असते तर चारशें वर्षांनंतर आपण त्या ओंव्या आठवीत बसलों नसतों. आणि परक्या मुलखांतून आलेल्या माणसाच्या तोंडून त्या निघाल्या आहेत हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका दृष्टांतावर त्याचें समाधान कां झालें नाहीं तेंहि कळतें.

इब्री कवितेची तर ही राहणीच आहे. एक गोष्ट सांगावयाची व दुसऱ्या अर्ध्यांत तीच किंचित् फिरवून सांगावयाची, या रीतीस रॉबर्ट लोथ या इंग्रज विद्वानानें १७५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन व्याख्यानांत समांतर रचनेचें नांव दिलें. आमच्या प्रार्थनेच्या वेळीं वाचण्यांत येणारें एकशें एकोणिसावें स्तोत्र घ्या. १७६ वचनें, इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांपैकीं प्रत्येकावर आठ आठ, आणि जवळजवळ प्रत्येक वचनांत देवाच्या नियमशास्त्राला अनुलक्षून आठ समानार्थी शब्दांपैकीं एखादा तरी आलेला. मराठींत त्यांसाठीं आज्ञा, विधि, निर्णय, वचन असे निरनिराळे शब्द योजावे लागले. घाईनें वाचणाऱ्यास हें स्तोत्र लांबलेलें वाटतें. सावकाश वाचणाऱ्यास कळतें कीं आज्ञा पाळावयाची असते, निर्णय सोसावयाचा असतो, आणि वचनावर विसंबावयाचें असतें.

येथवर आम्ही दुसऱ्यांचें सांगितलें. आतां आमच्या हातून घडलेली एक चूक सांगावयाची आहे. खरें म्हणजे हा लेख तिच्यासाठींच लिहावयास घेतला.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. त्या पावसाळ्यांत नदीला मोठें पाणी आलें होतें व आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वस्तींत तें शिरलें होतें. शाळा पुन्हां भरल्यावर आम्हीं सहावीच्या वर्गास 'मी पाहिलेला पूर' हा निबंध घातला. एका मुलानें लिहिलें कीं पूर भीषण, भयंकर, भयानक व भयप्रद होता आणि त्यामुळें सर्वत्र हाहाकार, आक्रोश व आकांत माजला. अक्षर सुरेख, शब्द शुद्ध. आम्हीं त्यास दहांपैकीं नऊ गुण दिले व तो निबंध वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविला. दुसऱ्या एका मुलाचा निबंध पाऊण पानाचा होता. त्यांत पुराचें वर्णन जवळजवळ नव्हतेंच. रात्रीं पाणी आलें, आम्ही शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलों, सकाळीं परत गेलों, असें लिहून पुढें त्यानें काय काय वाहून गेलें तें लिहिलें होतें: मडकीं, सूप, टोपली, पळी, परात, आईचें लुगडें, दोन कोंबड्या, माझी पाटी. पाटा राहिला, वरवंटा गेला. एवढ्यावर निबंध संपला होता. आम्हीं त्यास पांच गुण दिले व समासांत लाल शाईनें लिहिलें, 'यादी नको, वर्णन हवें.'

पुढें पालकांच्या सभेच्या दिवशीं त्या मुलाची आई आली. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. मुलाचा अभ्यास कसा आहे असें तिनें विचारलें तेव्हां वही समोरच होती, म्हणून आम्हीं मुलास तोच निबंध तिला वाचून दाखविण्यास सांगितलें. तो खालीं मान घालून वाचूं लागला. ती पदर तोंडाशीं धरून ऐकत होती. मडकीं, सूप, येथपर्यंत तो आला तोंच ती म्हणाली, 'सुपं दोन व्हती रं. येक नवं व्हतं.' मुलगा थांबला, त्यानें पेन्सिलीनें 'सूप' या शब्दापुढें 'दोन' असें लिहिलें व पुढें वाचूं लागला. वरवंटा गेला हें वाक्य आलें तेव्हां ती एकदां हंसली. बहुधा पाणी वरवंटा नेऊन पाटा ठेवतें याचें तिला त्या दिवशींहि नवल वाटलें असावें. मग ती डोळे पुशीत उठली, आम्हांस नमस्कार केला आणि गेली. आमचा लाल शेरा तिनें पाहिला, पण तो तिला वाचतां आला नाहीं. मुलाला वाचतां येत होता. त्यानें तो आईला वाचून दाखविला नाहीं.

आम्ही त्या दिवसापासून या दोन निबंधांचा पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या मुलाचा दोष मुळींच नव्हता. जें आम्हीं शिकविलें तेंच त्यानें लिहिलें. भीषण, भयंकर, भयानक, भयप्रद हे चारहि शब्द एकाच धातूचे, एकाच उंचीचे. चौघांनीं मिळून एकच पाऊल टाकलें. त्यांतले कोणतेहि तीन काढले तर पूर तेवढाच राहतो. दुसऱ्या मुलास 'भांडींकुंडीं वाहून गेलीं' असें तीन शब्दांत लिहितां आलें असतें, आणि बोलतांना तो तसेंच बोलला असता. परंतु लिहितांना त्यानें त्या जोडशब्दाची गांठ सोडली व आंतली एकेक वस्तु बाहेर काढून ठेवली. त्याच्या घरांत काय होतें व काय उरलें नाहीं हें आम्हांस त्याच्या निबंधावरून आजहि सांगतां येईल. सनद लिहिणारा कारकून जें करीत असे तेंच त्यानें केलें होतें, फक्त उलट्या बाजूनें: एकानें मिळालेल्याची माळ गुंफली, दुसऱ्यानें गेलेल्याची. आणि अशा निबंधावर आम्हीं यादी म्हणून शेरा मारला.

तेव्हांपासून वर्गांत आम्ही एक साधी कसोटी वापरतों. रांगेंतला एक शब्द बोटानें झांकावा व वाक्य वाचावें. कांहीं उणें वाटलें नाहीं तर तो शब्द पुसावा. मग दोन शब्दांची अदलाबदल करून वाचावें. कांहींच बिघडलें नाहीं तर रचनेंत चूक आहे असें समजावें. 'तो दचकला, कांपला, थिजला' हें वाक्य घ्या. तिन्ही शब्द भीतीचे आहेत. पण दचकणें क्षणाचें, कांपणें सर्वांगाचें, आणि थिजल्यावर हालचाल उरतच नाहीं. क्रम उलटा केला तर भीति ओसरूं लागते, व तेंहि कधीं कधीं हवें असतें. युरोपांत इरॅस्मस या पंडितानें १५१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या, मुख्यतः शाळांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत पत्र मिळाल्याच्या आनंदाचें एकच साधें वाक्य शंभरांहून अधिक प्रकारांनीं फिरवून दाखविलें आहे. आमच्या मुलांनींहि असा सराव अवश्य करावा. अमरकोश पाठ करण्याची जुनी चाल होती ती निरर्थक नव्हती. ज्याच्याजवळ दहा शब्द आहेत तोच त्यांतला एक निवडूं शकतो. फक्त सराव पाटीवर असूं द्यावा. तालमींत काढलेल्या जोरांची संख्या कोणी कुस्तीच्या हौद्यांत ओरडून सांगत नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठीं मुलांस भाषण लिहून देतांना आपण मोठी माणसेंच या राशी त्यांच्या पदरांत घालतों. सभेंत आभार मानणारा मनःपूर्वक, हार्दिक व अंतःकरणापासून असे तिहेरी आभार मानतो. दुखवट्याच्या ठरावांत दुःखद, शोकजनक व हृदयद्रावक निधन असतें, आणि गेलेल्या माणसाविषयीं मात्र एक ओळहि अशी नसते कीं जी दुसऱ्या कोणास लागू पडणार नाहीं. असें भाषण पाठ केलेला मुलगा व्यासपीठावर तिसऱ्या विशेषणाशीं अडखळतो तें उगीच नव्हे. तो शब्द त्याला धरावयास कांहींच देत नाहीं. त्यापेक्षां त्यास घरच्या गोष्टी सांगूं द्याव्या, आणि त्याच्या आजीचे जोडशब्द त्याच्या भाषणांत आले तर ते ग्राम्य म्हणून काढूं नयेत. आमचे सहाध्यापकहि आतां एवढें कबूल करतात. परवां त्यांचीच टीपणांची पिशवी हरवली तेव्हां शिक्षकांच्या खोलींत येऊन त्यांनीं 'माझे कागदपत्र, वह्यापुस्तकें, टांकपेन्सिली कोणी पाहिल्या काय?' असें विचारलें. आम्ही कांहींएक बोललों नाहीं.

आमच्या हातून दिलेले पांच गुण बदलतां आले नाहींत. त्या वर्षाचा गुणतक्ता तेव्हांच वर गेलेला होता. शेरा मात्र आम्हीं त्या मुलाच्या देखत खोडला व त्याखालीं सही केली. तो आतां दहावींत आहे. या वर्षीं मराठी विभागातर्फें आम्हीं असें जाहीर केलें आहे कीं, प्रत्येकानें आपल्या घरच्या वडील माणसांच्या तोंडचे दहा जोडशब्द लिहून आणावे, व प्रत्येकापुढें तो कोणीं व कोणत्या प्रसंगीं उच्चारला तें लिहावें. त्याची यादी सर्वांआधीं आली. तींत पहिला शब्द 'किडूकमिडूक' असा आहे, आणि पुढें लिहिलें आहे: आई, पूर ओसरल्यावर.